बंद लाईनीचा दिवा

मु. पो. शेलूबाजार
१९ जानेवारी २०२५

चि. राखीस अनेक आशीर्वाद.

पत्र लिहायला फार उशीर झाला, त्याची आधी माफी मागतो. तुझा बाप हरीओम गेला त्याला उद्या वीस महिने होतील. एवढ्या दिवसांत मी कारंजाला तुझ्या आईच्या दारी आलो नाही की दोन ओळी लिहिल्या नाहीत. मी तुझ्या आजोबाचा सख्खा धाकटा भाऊ. हरीओमला बोट धरून शाळेत मी नेले. त्याच्या पोरीला तोंड दाखवायला मला इतके दिवस लागावेत, आणि तेही कागदावर, हे बरे नाही. पण तुला ठाऊक आहे, मला उजव्या कानाने ऐकू येत नाही आणि डाव्याने निम्मे येते. फोनवर मी ओरडतो. ओरडलो की सारे घर ऐकते, शेजारही ऐकतो. तुला जे सांगायचे ते घराने ऐकू नये असे वाटते, म्हणून पत्र. माझी शाळा सातवीपर्यंत, तीही नापास. चुका पोटात घाल.

माझा पोरगा विकास सांगत होता, तू अमरावतीला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहेस आणि विजेच्या मोटरींचाच अभ्यास करतेस. ते ऐकून चार रात्री झोप लागली नाही. शेवटी कागद घेतला.

त्या दिवशीचे तू लोकांकडून ऐकले असेल, माझ्याकडून नाही. विहिरीजवळच्या खांबावर तारेचा जोड सैल झाला होता, ठिणग्या पडत होत्या. वायरमनचे काम आपल्याकडे तोच करायचा, म्हणून हरीओमला बोलावले. आपल्याकडची रीत तू बापासोबत हिंडताना पाहिली असशील. एकाने नाल्यापलीकडच्या ट्रान्सफॉर्मरच्या डीपीवर जायचे, आपल्या लाईनीचे तिन्ही फ्यूज उपसायचे, धोतराच्या ओच्यात घ्यायचे आणि खांबाच्या बुडाशी येऊन बसायचे. वरचा उतरेपर्यंत उठायचे नाही. फ्यूज ओच्यात आहेत तोवर लाईन मेलेली. ते काम माझे होते.

चढण्याआधी हरीओमने विचारले, "काका, तिन्ही काढले ना?"

मी म्हणालो, "तिन्ही."

"मंग आता झोपू नका. नाहीतं फ्यूज घेऊन घरी जेवाले चालले जासान."

माझी बायको, तुझी धाकटी आजी कस्तुराबाई, आंब्याखाली भाकरी सोडत होती, ती हसली. मीही हसलो. दोन मिनिटांत तो वरच्या वर संपला.

पंचनाम्यात माझ्या ओच्यातून तीन फ्यूज निघाले. तसे कागदावर लिहिलेले आहे. बंद लाईनीने माणूस कसा मेला, याचे उत्तर कोणी दिले नाही. तुझी आई दहाव्याला मला म्हणाली, "मामंजी, तुमच्या शबदावर चढले ते." त्यानंतर ती बोलली नाही.

आता ज्यासाठी हे लिहितो आहे ते लिहितो. आमच्या मळ्यात एक आठवडा दिवसाची लाईन असते, एक आठवडा रात्रीची. दिवसाच्या आठवड्यात दुपारी मधेच लाईन जाते. मोटर थांबते. मला तिचा आवाज येत नाही, पण तळपायाला कळते. जमिनीची थरथर थांबते. मग हळूच ती पुन्हा सुरू होते. हलकी, मांजर मांडीवर बसल्यासारखी. मोटरच्या खोलीत जाऊन पाहतो तर बल्ब लागलेला असतो. साऱ्या शिवारात लाईन नाही, गावात नाही, आणि आमचा बल्ब लागलेला. भर उन्हात. पिकल्या बोरासारखा लाल. एकदा मोठा होतो, एकदा बारीक. माणूस झोपेत श्वास घेतो तसा.

गेल्या दिवाळीपासून हे चालू आहे. तुझ्या पुस्तकात असे काही आहे का? नसेल तर तसे लिही, म्हणजे मला काय समजायचे ते मी समजेन. घरी सांगू नको.

तुझा आबाजी
जानराव

---

मुलींचं वसतिगृह, अमरावती
२ फेब्रुवारी २०२५

आबाजी,

नमस्कार. तुमचं पत्र आठ दिवस उशीत ठेवलं होतं. आधी वाटलं फाडावं.

मी ही शाखा कशासाठी घेतली ते तुम्हाला कोणी सांगितलं नसेल. संगणकाला नंबर लागत होता. मामा म्हणाले, "पोरगी बसल्या जागी कमवीन, ते घे." मी विद्युत घेतली, कारण बंद तारेनं माझा बाप कसा मेला हे मला कोणीच सांगत नव्हतं. तेव्हा बाबांच्या नावानं दिव्यांच्या गोष्टी मला लिहू नका. मी त्यावर रडणार नाही.

पण एक गोष्ट खरी आहे. वीज नसताना मोटर फिरू शकते, आणि फिरवली तर काही वेळा ती स्वतःच वीज तयार करते. हे भूत नाही, हा आमचा तिसऱ्या प्रकरणातला धडा आहे. त्याला काही गोष्टी जुळून याव्या लागतात. म्हणून विचारते ते नीट पाहून लिहा. टेकडीवरच्या टाक्यातून पाणी परत खाली येतं का? आलं तर ते पंपातून जातं का, का मधे त्याला अडवणारी झडप आहे? मोटरला कंडेन्सर लावलेला आहे का, आणि कोणी लावला? स्टार्टर आहे, का मोटर थेट लाईनीला जोडली आहे? त्या दिवशी काय होतं?

आणि तो बल्ब लागलेला असताना कुठल्याही तारेला हात लावू नका. भिंतीलासुद्धा टेकू नका.

तिन्ही फ्यूज तुमच्याजवळ होते, हे मी पंचनाम्यात स्वतः वाचलं आहे. त्यामुळे तुम्हाला लिहिते आहे. आईला हे पत्र माहीत नाही.

राखी

---

शेलूबाजार
११ फेब्रुवारी २०२५

चि. राखीस आशीर्वाद.

तुझे पत्र पोस्टमनने विकासच्या हाती दिले, मग चार प्रश्न त्याने विचारले. "आबा, तुमाले कॉलेजातून पत्र? ॲडमिशन घेतली काय?" मी म्हटले, पोरगी खुशाली विचारते. तो हसत गेला.

तू विचारले ते सारे जाऊन पाहिले. टेकडीवरचे टाके पंपापासून पन्नास फूट तरी उंच असेल. दिवसभर पाणी वर चढवायचे आणि खालच्या वावराला हवे तेव्हा त्याच पाइपाने परत खाली घ्यायचे, अशी आमची युक्ती आहे. दुसऱ्या पाइपाचा खर्च वाचला, आणि पंप कायम भरलेला राहतो, त्याला पाणी पाजावे लागत नाही. पण त्यासाठी मधली झडप काढावी लागते. ती मी काढली. माझ्या हाताने, सहा वर्षांपूर्वी. चार गावांचे लोक पाहून गेले होते, मला मोठा अभिमान होता.

कंडेन्सर हरीओमने बसवला. त्या साली लाईनीत दोनच फेज यायचे आणि मोटर नुसती घुंई करायची. तो म्हणाला, "काका, हा डब्बा लावून देतो, मंग दोन फेजवरई पयते का नाही पाहा." पळाली. भिंतीवर अजून आहे. तुझ्या बापाची सवय तुला आठवत असेल, पट्टी गुंडाळायची तर एक वेढा लाल, एक काळा. तशीच गुंडाळलेली आहे.

स्टार्टर जळाल्यापासून मोटर थेट. त्या दिवशीही थेटच होती.

तू काय शोधते आहेस ते मला थोडे कळते. झडप माझी, कंडेन्सर त्याचा. असे काही निघाले तर बरे होईल की वाईट, ते ठरवता येत नाही.

मी खोलीत जातो. तू नको म्हटलेस, म्हणून उंबऱ्याच्या आत पाय टाकत नाही, दारात बसतो. कस्तुरा म्हणते, "बल्बाशी बोलता तेवढं माह्याशी बोलले असते तं संसार झाला असता." मी बोलत नाही, फक्त एक गोष्ट विचारतो. विचारले की उजेड बारीक होतो आणि बराच वेळ तसाच राहतो. बाकीच्या वेळी तो वरखाली होतो, विचारल्यावर होत नाही. हे मी नऊ वेळा पाहिले. दहाव्यांदा विचारले नाही.

काय विचारतो ते लिहीत नाही. तू मोटरचे पाहा.

तुझा आबाजी
जानराव

---

अमरावती
९ मार्च २०२५

आबाजी,

उशीर झाला, परीक्षा होती. आणि जे लिहायचं ते करून बघितल्याशिवाय मला लिहायचं नव्हतं.

आमच्या यंत्रांच्या प्रयोगशाळेत मदनसिंग म्हणून सहायक आहेत. सव्वीस वर्षं तिथेच आहेत. त्यांना म्हटलं, काका, तीन फेजची मोटर विजेशिवाय फिरवायची आहे. ते म्हणाले, "पोरी, मोटर लाईनीवर चालते, हट्टावर नाही." तरी थांबले. आम्ही एक मोटर दुसऱ्या मोटरला जोडली. त्या दुसऱ्या मोटरला ड्राइव्ह आहे, म्हणजे खुंटी फिरवून वेग हवा तेवढा ठेवता येतो. तिला मी पाणी समजले, टेकडीवरून उलटं येऊन पंपाचं चाक फिरवणारं. पहिल्या मोटरचा लाईनीशी काहीच संबंध नव्हता. तारा काढून टेबलावर ठेवल्या होत्या. तिला फक्त कंडेन्सर लावले आणि एक बल्ब.

वेग वाढवत नेला. बराच वेळ काही नाही. मदनसिंगकाका चहाला निघाले होते. आणि एका वेगाला आल्यावर बल्ब आपोआप लागला. लाल, मग पिवळा. मीटरचा काटा तीनशेच्या वर गेला. आबाजी, तो बल्ब तुम्ही लिहिलं तसाच वरखाली होत होता. मला सगळं पाठ आहे, लोखंडात थोडं चुंबकत्व उरलेलं असतं, कंडेन्सर ते वाढवत नेतो, वाढता वाढता वीज उभी राहते. सगळं पाठ असून मी मागे सरकले आणि खाली बसले. काका म्हणाले, "भेली काय? तूच तं लावला."

म्हणजे त्या दिवशी असं झालं. तुम्ही फ्यूज काढले, मोटर थांबली. टाक्यातलं पाणी परत फिरलं, झडप नव्हती म्हणून पंप उलटा फिरू लागला. मोटर थेट जोडलेली, मधे लाईनीपासून तोडणारा स्टार्टर नाही, आणि कंडेन्सर लावलेला. तिनं वीज तयार केली आणि ती वीज खालून वर खांबावर गेली. फ्यूज तिन्ही तुमच्या ओच्यात असताना तार जिवंत होती. तुम्ही खोटं बोलला नव्हतात. झडप तुम्ही काढली आणि कंडेन्सर बाबांनी लावला, हे खरं. पण असं होतं हे दोघांनाही माहीत नव्हतं.

परवा कारंजाला जाऊन आईला सगळं समजावलं, वाट्या आणि सुतळी मांडून. तिला किती कळलं माहीत नाही. ती एवढंच म्हणाली, "म्हंजे मामंजी खरं बोलले होते. आन् मी दोन वर्सं त्यायच्या नावानं बोटं मोडून राह्यली." मग उठून चूल पेटवायला गेली आणि खूप वेळ पेटवतच राहिली. अक्षय्यतृतीयेला बाबांची घागर भरायला ती तुमच्या विहिरीवर येणार आहे. तुमच्या हातचं पाणी घेऊन भरीन म्हणते.

तो कंडेन्सर आता काढा. तुम्ही नाही, विकासकाकाला सांगा. आधी मेन स्विच पाडायचा, टाक्याचा व्हॉल्व्ह बंद करायचा, पंपाचं चाक थांबलं हे डोळ्यांनी बघायचं, मग उरलेली वीज उतरवायला कंडेन्सरच्या दोन्ही टोकांना लाकडी मुठीचा पेचकस आडवा लावायचा. काढला की एसटीच्या ड्रायव्हरजवळ माझ्या नावानं द्या. बाबांच्या हातचा आहे, मला ठेवायचा आहे. झडपही बसवून घ्या.

तुमची
राखी

---

शेलूबाजार
२० मार्च २०२५

चि. राखीस आशीर्वाद.

कंडेन्सर आजच्या अमरावती गाडीने पाठवला आहे, फडक्यात बांधून. विकासने तू सांगितले तसेच सारे केले. झडपही बसवली. आता दिवा लागायचे काही कारण राहिले नाही.

तुझी आई खरेच मामंजी म्हणाली का? तसेच म्हणाली, की तू पत्रात नीट करून लिहिलेस? तुझे पत्र मी कस्तुराला वाचून दाखवले. ती म्हणाली, "आता तरी घास गिळा." दोन भाकरी खाल्ल्या. रात्री उलटी झाली. वयामुळे असेल.

तू हुशार आहेस. तुझ्या बापालाही मोटरचे नुसत्या कानाने कळायचे. तो कंडेन्सर कपाटात ठेव. फार उघडून पाहू नको, जुना आहे, आतले तेलबिल अंगावर यायचे.

जास्त काय लिहू.

जानराव

---

अमरावती
६ एप्रिल २०२५

आबाजी,

हे पत्र लिहायला नको होतं असं वाटतं, पण लिहिते.

कंडेन्सर मिळाला. तपासावा असं काही मनात नव्हतं, आठवण म्हणून आणला होता. मदनसिंगकाकाच म्हणाले, आण, याच्यात किती दम आहे पाहू. मीटरला लावला तर शून्य. पुन्हा लावला, शून्य. त्यांनी दुसरा मीटर आणला. शून्य.

मग बाबांची पट्टी सोडली. मला सोडवत नव्हती, काकांनी सोडली. एक वेढा लाल, एक काळा, शेवटपर्यंत तशीच, मधे कुठे कापलेली नाही, पुन्हा जोडलेली नाही. खाली डबा फुटलेला होता. पूर्ण, उभा चिरलेला. आतलं सगळं जळून कोळसा, आणि त्या कोळशात कुंभारीण माशीनं मातीचं घर केलेलं, वाळून खडा झालेलं. काका म्हणाले, "हा जळून जमाना झाला. मेल्यावर कोणी कपडा गुंडाळला."

कपडा बाबांनी गुंडाळला, आबाजी. म्हणजे तो ते असतानाच फुटलेला होता. तोवर लाईनीत तिन्ही फेज येऊ लागले असतील, म्हणून त्याची गरज उरली नसेल. त्यांनी तो झाकून तसाच राहू दिला. म्हणजे त्या दिवशी तुमच्या मोटरला कंडेन्सर नव्हता. नुसता डबा होता. आणि कंडेन्सरशिवाय, पाणी कितीही फिरवो, खांबावरच्या माणसाला मारील एवढी वीज ती मोटर तयार करू शकत नाही. मी तीन दिवस वेगवेगळ्या तऱ्हेनं करून पाहिलं. बल्बची तार लालसुद्धा होत नाही.

दिवाळीपासून तुम्ही जे पाहत होता ते काय होतं, मला माहीत नाही. तुमच्या डोळ्यांवर शंका घेऊ, की माझ्या पुस्तकावर? पण मला आधी दुसरं विचारायचं आहे. आईला मी वाट्या मांडून सांगितलं ते खोटं ठरलं. ती अक्षय्यतृतीयेची वाट बघते आहे. तिनं घागर विकतसुद्धा आणली.

तार मोटरनं जिवंत केली नाही, तर डीपीकडूनच जिवंत होती. पंचनामा म्हणतो तीन. तुम्ही म्हणता तीन. एकदाच मला सांगा. बाबा चढत होते तेव्हा तुमच्या ओच्यात किती फ्यूज होते?

राखी

---

शेलूबाजार
१९ एप्रिल २०२५

चि. राखीस.

दोन.

एवढेच लिहून पाकीट बंद केले होते. मग पुन्हा फोडले. निम्मे सांगून मी एकदा पाहिले आहे, म्हणून आता सारे लिहितो.

दोन फ्यूज सहज निघाले. तिसरा बसून गेला होता आणि तापलेला होता. धरला तशी बोटे भाजली. मी तो सोडून दिला. आपल्या शिवारात चाळीस वर्षे आम्ही एकच धरून चालतो, दोन फेज गेले की मोटर थांबते आणि मोटर थांबली म्हणजे लाईन मेली. आम्हाला लाईनीचे काम मोटरपुरतेच. डीपीवर उभे राहून पाहिले तर टाक्यात पडणारी धार थांबलेली दिसत होती. मोटर थांबली होती. मला वाटले झाले.

हरीने विचारले, तिन्ही? दोन म्हणालो असतो तर तो म्हणाला असता, जा काका, तिसरा घेऊन या. पुन्हा नाला उतरून चढायचा होता. मे महिन्याचे ऊन होते. मला कंटाळा आला होता. म्हणून तिन्ही म्हणालो. तुझ्या बापाच्या जिवाची किंमत एवढी, की एका म्हाताऱ्याला शंभर पावले चालायचा कंटाळा आला.

आता पुढचे लिहितो, ते खरे मान की नको मानू, ते मी तुझ्यावर सोडतो.

तो वर कमरेच्या पट्ट्यात लटकला तेव्हा मी उठू गेलो. कस्तुराने माझा दंड धरला, "शिवू नका, शिवू नका." मी बसलो तो बसलोच. विकास वाटेतच होता, तो ओरडा ऐकून थेट डीपीकडे धावला, लाईन तोडायला. आणि तिथून ओरडला, "आबा, तिन्ही जागा रिकाम्या आहेत! लाईन बंदच आहे!" मला ते ऐकू आले नाही, कस्तुराने कानात सांगितले. मी म्हणणार होतो, एक आहे, नीट पाहा. तेवढ्यात मांडीला चटका बसला. खाली पाहिले. ओच्यात तीन फ्यूज होते. तिसरा गरम होता.

माझ्या बोटांचा फोड दोन दिवसांत गेला. मांडीवरचा डाग अजून आहे, फ्यूजच्या पात्याएवढा लांब. कस्तुराने पाहिला आहे. ती विचारत नाही.

मी जागचा हललो नव्हतो. कस्तुरा हलली नव्हती. विकास पोचला तेव्हा डीपीवर माणूस नव्हता. मी दीड वर्ष मोजत बसलो, घाईत मीच तर काढला नाही ना, डोके फिरून विसरलो नाही ना. तसे निघाले असते तर बरे झाले असते. पण गरम फ्यूज हातात धरून शंभर पावले चालता येत नाही, राखी. मी करून पाहिले आहे.

मग दिवाळीत बल्ब लागला. मी दारात बसून विचारायचो, "हरी, तिसरा तू आणून ठेवला का?" उजेड बारीक व्हायचा. तुला पहिले पत्र लिहिले तेव्हा मनात हेच होते, की हे मोटरचे काही निघावे. आणि तू ते काढून दिलेस. इतके नीट काढून दिलेस की मी मानायला लागलो. डब्यावर पट्टी कधीची आहे हे मला ठाऊक होते. हरीने माझ्यासमोर गुंडाळली होती, तो जाण्याच्या दोन वर्षे आधी. "गेला हा," म्हणाला होता. म्हणूनच उघडू नको असे तुला लिहिले. तुझी आई मामंजी म्हणाली, मला ते सोडवेना.

मागच्या पत्रात मी लिहिले होते की दिवा लागायचे कारण राहिले नाही. लागत नाही असे लिहिले नव्हते. तो लागतो. झडप बसली, डबा तुझ्याकडे, मेन स्विच पाडलेला, पंपाचे चाक मी हात लावून पाहिले, गार होते. तरी लागतो. गेल्या बुधवारी दुपारी मी घरी होतो आणि लाईन गेली. थोड्या वेळाने आमच्या ओसरीवरचा बल्ब लाल झाला. कस्तुरा आतून म्हणाली, "आली वाटते लाईन." आली नव्हती. विकासने गल्लीत जाऊन पाहिले, साऱ्या गावात नव्हती. आत येऊन तो बल्बाखाली उभा राहिला आणि मला म्हणाला, "आबा, हे काय होऊन राह्यलं?" मी त्याला काही सांगितले नाही. तुला आधी सांगायचे होते.

मला एकच कळत नाही. त्याने तो फ्यूज माझ्या ओच्यात कशासाठी ठेवला? पोलिसांपासून मला वाचवायला? लहानपणी शाळेत नेताना मास्तरांच्या छडीपासून मी त्याला वाचवले होते, ते त्याला आठवले असेल का? की मी तिन्ही म्हणालो होतो म्हणून, मेल्यावर जाऊन त्याने माझा शब्द पुरा केला, आणि आता तो मला दाखवतो आहे, की घ्या काका, झाले तिन्ही? पहिले असेल तर मी त्याच्या पाया पडेन. दुसरे असेल तर काय करायचे असते, हे मला कोणी शिकवले नाही.

अक्षय्यतृतीयेला अकरा दिवस उरले. तुझी आई माझ्या हातचे पाणी मागते. सारे कळल्यावर मागणार असेल तर देईन. न कळता मागितले तर मला देता येणार नाही, आणि का देत नाही हे तिला विहिरीवर सांगावे लागेल, हरीच्या घागरीसमोर. ते माझ्याने होणार नाही. तिला आधी कळले पाहिजे. तू सांगशील, की मी कारंजाला येऊन तिच्या दारात सांगू? आलो तर ती दार उघडील का? तुझ्याशी मी जे केले ते केले, तरी एवढे विचारतो.

आज शनिवार, दुपारचे दोन वाजले आहेत आणि लाईन गेली आहे. बल्ब लागला आहे. मी त्याच्याकडे पाठ करून बसलो आहे, तरी कागदावर माझ्या हाताची सावली पडते आहे. विकास हे पत्र घेऊन चारच्या आत पोस्टात जाईल.

शिव्या लिहिल्यास तरी चालेल, राखी. एक ओळ लिहिलीस तरी चालेल. पण तीस तारखेच्या आत लिही. आलेले पाकीट मीच फोडेन. लवकर लिही.

जानराव